बोअरची गाडी, बारसूचा सडा आणि बर्फातलं जहाज

(आमच्या गटानं सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण, बोललो तसंच)

धारा काढून झाल्या असतील, भाकरी दुरडीत पडल्या असतील, तर या रेडिओजवळ. राहिल्या असतील तर चुलीपासूनच आवाज मोठा करा. आज आमच्या गटाची पाळी आहे. मागच्या वेळी आम्ही सोयाबीनची उगवण घरच्या घरी कशी तपासायची ते सांगितलं होतं. ते कामाचं होतं असं बऱ्याच जणींनी कळवलं. आजचं तेवढं सरळ नाही. आज बोअरवर बोलायचंय, समुद्रावर बोलायचंय, आणि आमच्या गावात एक भांडण झालं त्यावर बोलायचंय. या तिन्हींचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

बोअरपासून सुरू करू, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. फाल्गुन सरला की आपल्या जिल्ह्यात रात्रीचा एक आवाज सुरू होतो. कळंब असो, तुळजापूर असो, परंडा असो, आवाज तोच. बहुतेक गाड्या तामिळनाडूच्या, वरची पोरंही तिकडचीच, मराठीचे चार शब्द येणारी: फूट, पाणी, पैसा, चहा. पाणाड्या हातावर नारळ ठेवून जागा दाखवून गेलेला असतो. कॉम्प्रेसर लागला की पांढरी धूळ उडते आणि पिकावर, जनावरांवर, दोरीवरच्या धुण्यावर बसते. शंभर फूट, दोनशे, तीनशे. मालक गाडीजवळ उभा. त्याची बायको लांब बांधावर बसलेली, कारण पैसे मोजायच्या वेळी तिचंच काहीतरी गहाण पडणार असतं. पाचशेला ओला चिखल आला तर नारळ फुटतो. नाही आला तर घरी जाईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही.

आपल्या पायाखाली काळा खडक आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, फुटक्या खडकात आणि भेगांमध्ये. जितकं खाली जाल तितका खडक घट्ट. खोल गेलं की जास्त पाणी लागतं, हे गंगा-यमुनेच्या गाळाच्या मुलखात खरं असेल, आपल्याकडे नाही. आणि लागलंच तर पुष्कळदा ते शेजारच्या विहिरीत जायचं पाणी असतं, भेगेतून ओढलेलं. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्या गल्लीत एका उन्हाळ्यात चार बोअर झाले आणि आडाला पहिल्यांदा गाळ लागला.

आता दुसऱ्या भोकाकडे चला. २०२३ चा एप्रिल आठवा. टीव्हीवर कोकणातल्या बाया दिसत होत्या. पदर डोक्यावर, ऊन मी म्हणत असलेलं, आणि त्या डांबरी रस्त्यावर पोलिसांच्या गाड्यांपुढे आडव्या पडलेल्या. राजापूर तालुक्यातलं बारसू. आम्ही तेव्हा कांदा काढत होतो. दुपारच्या जेवणाला घरात आलो आणि घास हातातच राहिला. काकू म्हणाल्या, ‘ह्या बाया कशासाठी पडल्यात गं?’ पोरगं म्हणालं, ‘माती परीक्षण थांबवायला.’ आम्हाला हसू आलं. माती परीक्षण म्हणजे आपण पिशवीत माती भरून तालुक्याला देतो ते. त्यात आडवं पडण्यासारखं काय?

पण ते माती परीक्षण वेगळं होतं. यंत्रं आणून कातळात भोकं पाडायची, खाली खडक कसा आहे, मोठी टाकी, मोठा कारखाना पेलेल का, ते बघायचं. कारखाना म्हणजे तेल शुद्धीकरणाचा, ज्याला रिफायनरी म्हणतात. जहाजानं कच्चं तेल आणायचं, त्याचं पेट्रोल, डिझेल, गॅस, प्लॅस्टिकचा कच्चा माल करायचा. आधी हा प्रकल्प त्याच तालुक्यात नाणारला व्हायचा होता. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करायचं आणि ३ लाख कोटी रुपये घालायचे, असा तो बेत होता. आपल्या तीन सरकारी तेल कंपन्या त्यात होत्या, आणि २०१८ साली सौदी अरेबियाची आणि अबू धाबीची कंपनीही त्यात आली. नाणारच्या लोकांनी, त्यात बायांनी फार, दोन वर्षं विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये तिथलं भूसंपादन रद्द झालं. मग जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं केंद्राला बारसूची जागा सुचवली, आणि तेलाची जहाजं लागायला किनाऱ्यावरचं नाटे. पुढे सरकारं बदलली. विरोधातले सत्तेत गेले, सत्तेतले विरोधात आले, आणि बोलण्याच्या बाजूही बदलल्या. ते आपण आपल्या ग्रामपंचायतीतही बघतो, त्यात जास्त वेळ घालवत नाही.

सडा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडे सडा म्हटलं की अंगणातला शेणसडा. कोकणात डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचं सपाट पठार असतं, त्याला सडा म्हणतात. आमच्यातल्या दोघी गणपतीपुळ्याला गेल्या होत्या, वाटेत त्यांनी पाहिला. उन्हाळ्यात बघाल तर उजाड, काळपट, काटेरी झुडपंसुद्धा कमी. कागदावर त्याला पडीक म्हणायला सोपं. पण जांभा दगड जाळीसारखा, भोकाभोकांचा असतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या सात-साडेसातशेच्या चौपट. तो पाऊस सड्यावर पडतो, दगडात मुरतो आणि खाली उतारावर झऱ्यांतून बाहेर येतो. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरी, आंबा-काजूच्या बागा त्यावर. पावसाळ्यात त्याच कातळावर फुलं येतात, गुरं चरतात. आपल्याकडच्या गायरानाला जसं सातबाऱ्यावर काहीच नाव नसतं पण शेळीवाल्या बाईला त्यातलं प्रत्येक झुडूप ठाऊक असतं, तसं.

बारसूच्या सड्यावर आणखी एक गोष्ट आहे. कातळावर कोरलेली चित्रं. माणसं, जनावरं, आणि कशाची आहेत ते अजून कुणाला नीट न सांगता आलेली नक्षी, हजारो वर्षांपूर्वीची. कोकणातल्या अशा कातळशिल्पांच्या जागा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यात बारसूचं नाव आहे. म्हणजे एका वर्षी जग म्हणतं ही जागा जपा, आणि दुसऱ्या वर्षी तिथं भोकं पाडायची यंत्रं.

२४ एप्रिलच्या सुमारास दीड-दोन हजार पोलिस तिथं आले, जमावबंदी लागली. बाया आदल्या रात्रीपासून सड्यावर जाऊन बसल्या होत्या. शंभरावर लोकांना ताब्यात घेतलं. २८ तारखेला अश्रुधुराची नळकांडी फुटली, लाठ्या चालल्या. त्याच्याही आधी, फेब्रुवारीत, शशिकांत वारिशे नावाचे राजापूरचे पत्रकार, जे या प्रकल्पावर लिहीत होते, त्यांना गाडीखाली घालण्यात आलं आणि ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. एवढं सगळं एका कारखान्यासाठी, जो अजून कागदावर होता. भोकं पडली, परीक्षण झालं. कारखाना मात्र त्यानंतर उभा राहिलेला नाही.

आम्हाला एक सांगायचंय, नाहीतर आमचं बोलणं एकतर्फी होईल. बारसूत सगळेच विरोधात नव्हते. काही जमीनमालकांनी संमतिपत्रं दिली होती. त्यांचं म्हणणं, पोरं मुंबईला जातात ती गणपतीलाच येतात, इथं चार नोकऱ्या आल्या तर बिघडलं काय? हे म्हणणं आम्ही हसण्यावारी नेणार नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातूनही कोयते निघतात, लेकरं आजीपाशी ठेवून बाया ऊसतोडीला जातात. कुणी आपल्याकडे म्हणालं की कारखाना देतो, तर आपण काय म्हणू? बैठकीत विचारलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणी गप्प बसल्या. आणि एक म्हणाली, ‘आधी पाणी कुठून आणणार ते विचारीन.’

आता हे तेल कुठून येणार होतं ते बघू. भारतात वापरतो त्या दर शंभर लिटर कच्च्या तेलातलं पंच्याऐंशीच्या वर बाहेरून येतं, बहुतेक जहाजानं. थोडं आपल्याही समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात, १९७४ साली ‘सागर सम्राट’ नावाच्या तरंगत्या यंत्रानं भोक पाडलं आणि तेल लागलं. त्याला मुंबई हाय म्हणतात. बोअरच तो, फक्त गाडी पाण्यावर उभी. खाली समुद्राचा तळ, त्याच्या खाली हजारो फूट दगड. पाण्याच्या बोअरला आपण पाणी वर खेचतो. तेल आणि गॅस मात्र खाली दाबाखाली असतात आणि ताबा सुटला तर आपोआप उसळतात. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात असा ताबा सुटला, ११ कामगार मेले, आणि समुद्राच्या तळातलं ते भोक बंद करायला ८७ दिवस लागले. सत्त्याऐंशी दिवस, मैत्रिणींनो. म्हणजे सोयाबीन पेरल्यापासून शेंगा पिवळ्या पडेपर्यंत.

मुंबई हायलाही माणसं गेली आहेत. २७ जुलै २००५ ला एक जहाज तिथल्या तळाला धडकलं, आग लागली, २२ जण गेले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगारांचा एक तराफा बुडाला, त्याची आणि सोबतच्या टग बोटीची मिळून ८० हून जास्त माणसं गेली. ती कुणाची तरी पोरं होती, पगारासाठी गेलेली. आपल्या डिझेल पंपात, ट्रॅक्टरमध्ये, दूध नेणाऱ्या टेम्पोत ते सगळं येऊन पडतं, आणि आपल्याला लिटरचा भाव तेवढा दिसतो.

आणि एक योगायोग बघा. समुद्रातल्या तेलाच्या तळाभोवती ५०० मीटरचा सुरक्षित पट्टा असतो, त्यात कोळ्यांनी होडी न्यायची नाही, जाळं टाकायचं नाही. आपल्या राज्याचा भूजल कायदाही सांगतो की गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, नवा बोअर घ्यायचा नाही. अंतर तेवढंच. तेलाच्या विहिरीभोवती तटरक्षक दल गस्त घालतं. गावच्या विहिरीभोवती कोण घालतं, ते आमच्या भांडणात पुढे येईल.

हे सगळं आम्ही शोधायला लागलो ते एका पोरीमुळे. आमच्यातल्या एका ताईच्या मुलानं मोबाईलवर चित्रफीत दाखवली. करडा समुद्र, त्यात किल्ल्यासारखा लोखंडी तळ, आणि त्याच्या भिंतीला दोरावर लोंबकळणारी एक पोरगी. वरून तिच्यावर नळीनं पाण्याचा मारा. बर्फाळ मुलखातलं पाणी ते. ताई म्हणाली, ‘हिची आई कुठंय?’ आम्ही सगळ्या हसलो, पण प्रश्न खरा होता.

ती सिनी सारेला, फिनलंडची. १८ सप्टेंबर २०१३ चा तो दिवस. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे रशियाच्या पेचोरा समुद्रात प्रिराझलोम्नाया नावाचा तेलतळ आहे, तिथं तेल काढायची तयारी चालली होती. ग्रीनपीस या संघटनेचं ‘आर्क्टिक सनराइझ’ नावाचं जहाज तिथं गेलं, लहान रबरी बोटी पाण्यात टाकल्या आणि सिनी आणि तिचा एक सोबती तळावर चढायला लागले. रशियाच्या सैनिकांनी इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, दोघांना खाली उतरवून पकडलं. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून दोरानं सैनिक जहाजावर उतरले. जहाजावरच्या सगळ्यांना धरलं, एकूण ३० माणसं, त्यातले दोघं पत्रकार, वेगवेगळ्या देशांतले, बायाही त्यात. मुर्मान्स्क शहरातल्या तुरुंगात टाकलं. आरोप काय, तर समुद्री चाचेगिरीचा! पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. पुढे तो आरोप बदलून गुंडगिरीचा केला. दोन महिन्यांनी जामीन, डिसेंबरात माफी. आणि त्याच डिसेंबरात त्या तळावरून तेल काढायला सुरुवातही झाली. तेही सांगितलं पाहिजे.

ध्रुवाकडच्या समुद्रातच त्यांना एवढं का लागलं होतं? तेल तर जगात सगळीकडे काढतात. कारण थंडी. आपल्याकडे खोबरेल हिवाळ्यात गोठतं ते आठवा. गार पाण्यात सांडलेलं तेल लवकर विरत नाही, बर्फाखाली शिरलं तर दिसतही नाही, आणि हिवाळ्यात तिथं कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही. गोळा कोण करणार, कुठल्या उजेडात? १९८९ च्या मार्चमध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डीझ’ नावाचं तेलाचं जहाज खडकावर आदळलं. सुमारे दोन हजार किलोमीटर किनारा बरबटला, पक्षी आणि समुद्री जनावरं लाखांनी मेली. हजारो माणसं दगड न् दगड धूत होती. तरी दहा-वीस वर्षांनीसुद्धा तिथं दगड उचलला की खाली तेल सापडत होतं. दुसरी गोष्ट अशी की जग तापतंय म्हणून तिथला बर्फ वितळतोय, बर्फ हटला म्हणून जहाजांना वाट मिळतेय, आणि त्या वाटेनं जाऊन आणखी तेल काढायचं, जे जाळून जग आणखी तापायचं. घर जळतंय तर त्या उजेडात लाकडं फोडून घेऊ, असा हा हिशेब.

आपल्याला त्याचं काय? थेट काही सांगता येणार नाही. आमच्या गावच्या अमुक पावसाला तमुक कारणीभूत, असं आम्ही म्हणणार नाही. पण १९७२ चा दुष्काळ आमच्या सासवांनी सांगितला, २०१२-१३ चा आम्ही चारा छावणीत काढला, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच परंडा-भूम भागात पाणी घरात शिरलं, जनावरं दावणीला बुडाली, रानातली माती वाहून खडक उघडा पडला. दुष्काळाचा जिल्हा आणि हेलिकॉप्टरनं माणसं काढायची वेळ! शास्त्रज्ञ म्हणतात की हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि कोसळताना एकदम कोसळते. एवढं आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळतं.

बायांच्या आणखी दोन गोष्टी आम्हाला सापडल्या, त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनीच्या आधी दोन महिने, ११ जुलै २०१३ ला, लंडनमधल्या शार्ड नावाच्या इमारतीवर सहा बाया चढल्या, शेल कंपनी ध्रुवीय समुद्रात तेल शोधत होती तिच्या विरोधात. ती इमारत ३१० मीटर, म्हणजे हजार फुटांच्या वर. आपल्या खोल बोअरएवढी, फक्त वरच्या दिशेला. पहाटे सुरू केलं आणि संध्याकाळी टोकाला पोचल्या. सहाच्या सहा बाया. दुसरी गोष्ट जुनी. अमेरिका अलास्कातल्या अमचिट्का बेटावर अणुचाचणी घेणार होती. ती थांबवायला एक जहाज घेऊन तिकडेच जावं, ही कल्पना कॅनडातल्या मेरी बोलेन या बाईला सकाळी कॉफी पिता पिता सुचली. १९७१ साली मासेमारीची एक बोट निघाली, तिचं नाव ‘फिलिस कॉर्मॅक’, बोटमालकाच्या बायकोचं नाव. कल्पना बाईची, बोटीला नाव बाईचं, आणि बोटीवर गेले बारा पुरुष! आमच्या गावातल्या समित्यांची आठवण झाली. त्यातूनच पुढे ग्रीनपीस उभी राहिली. बोट बेटापर्यंत पोचलीच नाही, चाचणीही झाली. पण त्या बेटावर पुढे ठरलेल्या चाचण्या नंतर झाल्या नाहीत.

आणि ती शेल कंपनी? २०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिएटल बंदरात शेकडो माणसं वल्ह्याच्या लहान होड्या घेऊन तिच्या अवाढव्य यंत्राभोवती जमली. ते यंत्र अलास्काला गेलंच. भोक पाडलं. आणि २८ सप्टेंबरला कंपनीनं जाहीर केलं की आम्ही थांबतो: तेल पुरेसं लागलं नाही, खर्च फार. अब्जावधी डॉलर गेले. आमच्या एका काकूंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे त्यांचाही बोअर कोरडाच गेला की!’ होड्यांमुळे थांबले की कोरड्या भोकामुळे, हे आम्हाला ठरवता येत नाही. बहुतेक दोन्ही. पण होड्या नसत्या तर एवढी वर्षं आणि एवढा पैसा लागला नसता, असं आमचं मत.

आता आमच्या घरचं. हे बोलावं की नाही यावर गटात दोन बैठका झाल्या. बोलायचं ठरलं, पण नाव घ्यायचं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर रात्री दहाला बोअरची गाडी लागली. शेत आमच्याच गटातल्या एका वहिनीचं. त्यांची दीड एकर लिंबाची बाग, सहा वर्षांची, फळाला आलेली, आणि वाळत चाललेली. त्यांनी आधी दोन बोअर घेतले होते, दोन्ही कोरडे. दुसऱ्याचं कर्ज आम्हीच गटातून दिलं होतं. आमच्याच सह्या आहेत त्यावर. तेव्हा कुणी विचारलं नाही की पाणी लागणार का. हप्ता फिटेल का, एवढंच बघितलं. ही चूक आमची.

आवाज आला तशा आम्ही नऊ जणी निघालो. अंगावर होतं त्या लुगड्यानिशी. जाऊन गाडीपुढे बसलो. बारसूच्या बाया आमच्या डोक्यात होत्या की नव्हत्या, सांगता येत नाही, पण आडवं पडायचं एकीनं सुचवलं हे खरं. वहिनींचे मालक चिडले. ‘माझं रान, माझा पैसा, तुमच्या बापाचं काय जातं?’ म्हणाले. गाडीवाली पोरं गप्प उभी राहिली, त्यांना भाषा कळत नव्हती पण प्रकार कळला. आमच्यातल्या आक्का, ज्या कधी सभेत तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘दादा, ही विहीर आटली तर तुमची आईपण आमच्याच रांगेत घागर घेऊन उभी राहणार.’ रात्री एकला गाडी परत गेली. सकाळी सरपंच, ग्रामसेवक आले, ५०० मीटरचा नियम वाचून दाखवला. तोच नियम त्याच विहिरीजवळच्या आधीच्या दोन बोअरच्या वेळी कुणाला आठवला नव्हता, आणि ते बोअर गावातल्या वजनदार माणसांचे होते. वहिनींच्या मालकांनी हे तोंडावर म्हटलं. त्याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला नाही. लिंबाची बाग गेली. मालकांनी झाडं मुळासकट काढली, सरपण विकलं. वहिनी तेव्हापासून बैठकीला येत नाहीत. दिसल्या की मान खाली घालतात, आणि खरं म्हणजे आम्हीही घालतो.

म्हणून बारसूच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्याला आम्ही एकदम वाईट म्हणू शकत नाही, आणि आडव्या पडलेल्या बायांना एकदम देवीही म्हणू शकत नाही. थांबवलं की ज्याचं थांबलं त्याचं पुढे काय, हे थांबवणाऱ्यांनी बघायला पाहिजे. आम्ही बघितलं नाही. तेलाचंही तसंच. डिझेल नको म्हणणं सोपं, पण ट्रॅक्टर कशावर चालवायचा? शहाण्यासारखं कुणी म्हणेल पवनचक्की. आपल्या जिल्ह्यात पवनचक्क्या आल्याच आहेत, आणि कुणाच्या बांधावरून तार गेली, कुणाला मोबदला मिळाला, कुणाला नाही, यावरून गावोगाव वाद चालू आहेत. वाऱ्याची वीजसुद्धा कुणाच्या तरी रानातूनच जाते. सौरपंप आमच्यातल्या तिघींकडे आहे. डिझेल वाचतं, पण ऊन फुकट म्हणून पंप दिवसभर चालतो आणि विहीर आणखी लवकर तळाला जाते, हेही पाहिलं.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. गटातून नव्या बोअरला कर्ज द्यायचं बंद केलं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं फार वर्षांपूर्वी शेतीसाठी बोअर बंद केले आणि पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायला लागले. आमच्या गावात तेवढी एकी नाही. पण विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी दोरीला गाठी मारून आम्ही मोजतो आणि शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहितो. पहिल्यांदा पोरांनी पुसलं. आता पुसत नाहीत. आणि जुन्या दोन बोअरबद्दल ग्रामसभेत लेखी अर्ज दिला आहे, नऊ जणींच्या सह्यांनी. तो अर्ज तीन ग्रामसभांत वाचला गेला नाही. चौथी येत्या महिन्यात आहे.

परवाच्या बैठकीत दुसरा विषय होता वहिनींचा. त्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला नाल्यालगत खड्डा आहे, तिथं पावसाचं पाणी मुरवता येईल का आणि त्यांना बिनव्याजी रक्कम द्यायची का. दोघी म्हणाल्या द्या. एक म्हणाली, आधी माफी मागा, मग पैशाचं बोला. एक म्हणाली, माफी कशाची, विहीर वाचली की नाही? ठरलं नाही. अकरा वाजले, उठलो. वहिनींचं नाव हजेरीच्या वहीत अजून आहे, पुढच्या चौकटी रिकाम्या आहेत.

वहिनी, तुम्ही रेडिओ ऐकता हे आम्हाला माहीत आहे. बुधवारी दुपारी बैठक आहे, समाजमंदिरात.

बाकीच्यांसाठी सूचना: पुढच्या आठवड्यात याच वेळी शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती आहे, पावसाच्या आत कुठली लस टोचून घ्यायची ते सांगणार आहोत. कागद-पेन जवळ ठेवा. राम राम.